गिअरबॉक्स न उघडणाऱ्या वस्तादांना

वस्ताद,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव कुठं लिहायचं नाही, असा दम तुम्ही दिलाय, म्हणून नुसतं वस्ताद. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ही ऑटोमॅटिक पिकअप घेतली तेव्हा मार्केट यार्डातले हमालसुद्धा हसले होते. "क्लच न्हाई, मग चढाला वढणार कशी?" गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहायला क्लचवालीच गाडी, हे आपल्याकडं ठरलेलं. माझा डावा गुडघा दुखतो म्हणून ही जुनी डबल कॅब घेतली आणि तिनं इतकी वर्षं कधी कुरकुर केली नाही.

यंदा गुऱ्हाळं सुरू झाली आणि तिचं डोकं फिरलं. सकाळी थंड असताना एकदम झकास. माल भरून दहा-बारा किलोमीटर गेलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर आणि गाडी तिथंच रेंगाळलेली. मग मागून कुणी धडक दिल्यासारखा झटका. शेवटी शेवटी एकाच गिअरात अडकून बसायची आणि समोर दिवा लुकलुकायचा. बाजूला घेऊन किल्ली बंद केली, परत चालू केली, की पुढचे चार किलोमीटर शहाणी.

एका मोठ्या वर्कशॉपात नेली. स्कॅनर लावला, पी ०७०० असा कोड आला. काउंटरवरच्या पोरानं तिथंच हिशोब मांडला: गिअरबॉक्स उतरवायचा, आतल्या क्लचच्या प्लेटा, ऑईलचा दाब वळवणारे सोलेनॉइड सगळं नवीन, एक लाख साठ हजार. घरी येऊन मी गाडी विकायची जाहिरात लिहायला बसलो होतो.

तुमच्याकडं आलो तर तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पहिला प्रश्न, "२०२१च्या पुरात ही कुठं हुती?" मी म्हटलं, शाहूपुरीत, फुटबोर्डापर्यंत पाणी होतं. दुसरा प्रश्न, "झटका बसतो तवा स्पीडोमीटरचा काटा नाचतो काय?" नाचत होता की! मी मीटर खराब झाला असं धरून चाललो होतो. इतके दिवस ते कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मग जे बोललात ते मी आता यार्डात सगळ्यांना ऐकवतो. "प्लेटा जळल्या असत्या, तर किल्ली फिरवून गाडी शहाणी झाली असती व्हय?"

सपाट जागेवर गाडी लावून, गिअरबॉक्सचं ऑईल गरम करून, इंजिन चालू ठेवून तुम्ही दांडा एकेका गिअरातून फिरवला आणि मग डिपस्टिक काढली. मी आजवर थंड गाडीवरच ऑईल बघत आलोय, ते चूक. पांढऱ्या कागदावर थेंब टिपून माझ्या नाकाशी धरलात. रंग गडद झालेला, पण जळका वास नाही. पातळी थोडी खाली, कारण हे ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर तेल पाझरत होतं. ऑईल कमी झालं तर पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि गिअर उशिरा धरतो, हे तुम्ही चहा घेत सांगितलंत. पण नुसत्या तेवढ्यानं काटा नाचणार नाही, हेही लगेच सांगितलंत.

पी ०७०० चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. तक्रार कोणती, ते आत दुसऱ्या कोडात असतं. तुमच्या स्कॅनरवर ते निघालं: पी ०७२०, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची लाईन. तो वेग कळला नाही तर कॉम्प्युटरला कुठला गिअर द्यायचा ते उमगत नाही, आणि जपून राहायचं म्हणून तो एकच गिअर धरून बसतो. सेन्सर बदलून मोकळे झाला असता तरी मी खूश होतो. तुम्ही मात्र चाकं वर घेऊन गाडी डी मध्ये चालवलीत, मला स्क्रीनसमोर बसवलंत आणि स्वतः खाली जाऊन वायर हलवलीत. हलवली की आकडा शून्य. सोडली की परत जागेवर.

कनेक्टर उघडल्यावर आतल्या दोन पिना कळकलेल्या तांब्यासारख्या हिरव्या! पूर ओसरल्यावर मी इंजिन ऑईल बदललं, ब्रेक साफ केले, सीटा उन्हात घातल्या. गिअरबॉक्सच्या कुशीतला हा अंगठ्याएवढा डबा कुणाच्या लक्षात येणार? चार वर्षं तो आतल्या आत खात बसला होता.

पिना बदलल्या, वायर झाळून वर स्लीव्ह चढवली, पाइपचा जोड बदलला. खालचा पॅन उतरवला तेव्हा चुंबकावर काजळासारखी बारीक भुकटी होती, धातूचा किस नव्हता. ते बघून तुम्ही हसलात, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मशीन लावून सगळं ऑईल एकदम बदलून टाका म्हटलं, तर नाही म्हणालात. एकदा काढून निम्मंसुद्धा निघत नाही, बाकीचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरात राहतं. म्हणून आत्ता एकदा आणि ५०० किलोमीटरनं परत. ऑईल, फिल्टर, मजुरी धरून साडेअकरा हजार. तपासणीचे पैसे विचारले तर "बघायचं काय पैसं?" म्हणत हात पुसायला गेलात.

परवा रवे भरून पन्हाळ्याला गेलो. चढाला दुसरा, तिसरा, परत दुसरा, कुठं हिसका नाही. पोरगा शेजारी झोपला होता, तो उठला नाही.

५०० किलोमीटर येत्या शनिवारी भरतील. येताना ताज्या आदणाची काकवी आणतो, तिला नाही म्हणू नका. आणि रिव्हर्स टाकताना अजून बारीक 'टक' येतोय, तोही तेव्हाच ऐकून घ्या.

तुमचा,
गूळवाला