अंदाजपत्रकाआधी जाणकाराचा अहवाल हवा

मा. संपादक,
स. न.

जुन्या चर्चच्या भिंतीला ओल आली की आपल्याकडे पहिले बोलावणे जाते रंगाच्या ठेकेदाराला. तो सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग असे अंदाजपत्रक देतो, चर्चचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी वर्गणी गोळा करते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे पुन्हा सुटतात. आधी जाणकाराचा अहवाल, मग अंदाजपत्रक, शेवटी वर्गणी असा क्रम असायला हवा. ब्रिटनमधल्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चने हा क्रम नियमांतच बसवला आहे.

इंग्लंडमध्ये संरक्षित यादीतील इमारतीत फेरबदल करायचे तर स्थानिक प्रशासनाची खास संमती लागते. मेथडिस्टांसह मोजक्या पंथांना, उपासना चालू असलेल्या वास्तूंपुरती, त्यातून सूट आहे. १९९४ च्या आदेशाने ती बांधून दिली आणि इंग्लंडसाठी २०१० मध्ये तो आदेश नव्याने निघाला. अट एवढीच की पंथाने स्वतःची तितकीच काटेकोर छाननी चालवावी. म्हणून या चर्चकडे संवर्धन अधिकारी आहेत आणि वास्तुविशारद, इतिहासकार अशा जाणकारांची सल्लागार समिती आहे. प्रस्ताव आला की स्थानिक प्रशासन, हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी वारसा संस्था आणि व्हिक्टोरियन सोसायटीसारख्या वारसाप्रेमी संस्थांना मत द्यायला २८ दिवस मिळतात. शिवाय दर पाच वर्षांनी प्रत्येक इमारतीची तपासणी होते. चॅपल, म्हणजे मेथडिस्टांचे प्रार्थनागृह, बंद पडले की सूट संपते. १९३२ मध्ये वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड असे तीन मेथडिस्ट पंथ एकत्र आले, तेव्हा एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपल झाली होती. त्यामुळे बंद चॅपलचा प्रश्न तिथे जुनाच आहे.

अशा सल्लागारांचे खरे कसब आतल्या भागात दिसते. अनेक चॅपल बाहेरून अगदी साधी असतात. त्यांचे मोल असते मध्यभागी उंच उभ्या व्यासपीठात, तिन्ही बाजूंच्या सज्ज्यांत, बिडाच्या बारीक खांबांत. लंडनमधल्या वेस्ली चॅपलच्या (१७७८) सज्ज्यांना मुळात जहाजांच्या डोलकाठ्यांचा आधार होता. यावरून अशा जागेत काय काय दडलेले असते याची कल्पना येईल. बाके काढून खुर्च्या मांडायच्या असतील तर सल्लागार विचारतो, सगळी काढायलाच हवीत का? मागच्या चार रांगा काढून भागेल का? नवी फळी अशी बसवता येईल का, की उद्या उचलली तर मूळ फरशीला ओरखडाही राहणार नाही?

बिघाडाचे मूळ बहुधा पन्हळीत सापडते. पन्हळीतल्या शिशाच्या पत्र्याचे तुकडे जाडीनुसार साधारण दीड ते तीन मीटरपेक्षा लांब ठेवले, तर ऊन-थंडीने प्रसरण-आकुंचन होऊन पत्रा चिरतो. पाणी भिंतीत उतरते आणि तिथेच टेकलेली छपराच्या लाकडी कैचीची टोके आतून कुजतात. खालून छत ठणठणीत दिसते. म्हणून पाहणी शिडी लावून, टोकाच्या लाकडात टोचा खुपसूनच व्हायला हवी.

दगडी भिंतीतील दर्जांचे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांचे काम तर आपल्याकडे सर्रास चुकते. चुन्याच्या दर्जा खरवडून सिमेंट भरले की भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात, लोणा लागतो आणि दगडाचा दर्शनी थर भुगा होऊन गळतो. काळा बेसॉल्ट हे बराच काळ सोसतो, मुंबईच्या जुन्या इमारतींतला मऊ पोरबंदर दगड सोसत नाही. दर्जा हाताच्या छिन्नीने, रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळ्या कराव्यात. ग्राइंडरने दगडाच्या कडा कापल्या जातात. भिंत आधी भिजवावी. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली जाडी-बारीक वाळू, पाणी अगदी बेताचे. मग आठवडाभर ओले गोणपाट. आपल्या उन्हात हे गोणपाटच विसरले जाते आणि चुना पकड घेण्याआधी वाळून भुसभुशीत होतो. काम दिवाळीनंतर घेऊन फेब्रुवारीपर्यंत संपवावे.

भिंतीत गाडलेल्या लोखंडी तुळयांकडेही लक्ष हवे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि दगड फोडतो. ती भेग नुसती बुजवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, समिती आहे. पण ती परवानगीच्या टप्प्यावर भेटते. त्याआधी चर्चच्या मंडळीच्या बाजूने बोलणारा जाणकार कुणी नसतो. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांचे नाव धारण करणारे मुंबईतील मेमोरियल चर्च असो किंवा मराठी उपासनेची जिल्ह्यातली साधी मेथडिस्ट चर्च असोत, प्रत्येक मंडळीने स्वतंत्र तज्ज्ञ नेमणे परवडणारे नाही. चर्चच्या प्रादेशिक परिषदेने मात्र संवर्धन वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी अशा तिघांचे मंडळ नेमावे. ठरावीक रकमेपुढचे प्रत्येक काम त्यांच्या लेखी अभिप्रायाशिवाय निघू नये. आणि मंडळ होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. मे महिन्यात पन्हळी साफ कराव्यात, पहिल्या मोठ्या पावसात माळ्यावर चढून ओलीच्या जागा खडूने आखाव्यात, त्यांचे फोटो तारखेसह एका वहीत चिकटवावेत. सल्लागार आला की सर्वांत आधी तीच वही मागेल.

आपला,
जुन्या दगडी वास्तूंच्या दुरुस्तीचे काम पाहणारा एक स्थापत्य अभियंता, पुणे