बूट इथेच राहिलेत

मनू,

फोन लागत नाही, मेसेजवर कालपासून एकच टिक, म्हणून हे लांबलचक लिहून ठेवतेय, रेंजमध्ये आलीस की वाच. बुटांचं शेवटी लिहिणार होते पण राहवत नाही, तुझे ते घोट्याच्या वरपर्यंतचे बूट इथेच बाल्कनीत राहिलेत. कच्छला असं भांडून निघालं की असंच होतं. जाऊ दे.

आज मी सुप्याला जाऊन आले. हो, मीच. नंदामामाला पहाटे पाचला उठवलं, त्याला वाटलं मोरगावच्या गणपतीला जायचंय, म्हटलं तो नंतर, आधी मयूरेश्वर अभयारण्य. हडपसरला गर्दी व्हायच्या आत निघालो, चौफुल्याला वळलो. त्या दिवशी मी म्हणाले ना "त्या वाळक्या गवतात काय ठेवलंय", तेच बघायला गेले असं समज.

पहिला अर्धा तास खरंच काही नाही गं. पिवळं गवत, खुरटी झाडं, धूळ. सगळं मिळून 5.14 चौरस किलोमीटर, मामा म्हणाला याला अभयारण्य म्हणतात होय. आणि मग गवतातच तीन कान हलले! मी जोरात काळवीट म्हणाले, गाईड हसला, म्हणाला काळवीट रेहेकुरीला, हा चिंकारा, आणि यांच्या मादीलाही शिंगं असतात, बारीक. त्यातल्या एकाने आम्हाला बघून नाकातून शिंकल्यासारखं फस्स केलं, धोका दिसला की ते असंच करतात म्हणे, आणि माझ्या तोंडून आजीसारखं "शतायुषी हो" निघून गेलं. मामा अजून हसतोय.

मग तो गाईड पोरगा म्हणाला की यांना माळ मोकळाच लागतो, लांबचं दिसलं तर जीव वाचतो, दाट झाडी लावली तर यांचं आणि चंडोल, धाविक वगैरे पक्ष्यांचं घर मोडतं. मी गप्पच झाले. पावसाळ्यात सोसायटीची बस माळावर झाडं लावायला गेली तेव्हा तू आली नाहीस आणि मी सगळ्यांदेखत तुला आळशी म्हणाले होते. तेव्हा नीट सांगायचंस ना. सांगितलं असशीलही, मी ऐकलं नसेल.

पण तोच पोरगा दर दहा पावलांनी म्हणत होता, पायाखाली बघा, फुरसं असतं. आता तू सांग मला शांत झोप कशी लागणार? वीतभर-दीडवीतभर साप, मातीच्या रंगाचा, आणि तू तिकडे बन्नीच्या गवतात सँडल घालून. रात्री टॉर्चशिवाय एक पाऊल टाकू नको. दगडाखाली हात घालू नको. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता गाडीतून थेट दवाखाना, अँटीव्हेनम कुठल्या दवाखान्यात मिळतं ते आजच विचारून ठेव. बघ, परत लेक्चर सुरू झालं माझं, सॉरी. हे सगळं मला तूच शिकवलंयस, आपल्या किचनमध्ये ओट्यावर बसून.

पहिलीत होतीस, कात्रजच्या सर्पोद्यानात नेलं होतं. बाकी पोरं वाघ बघायला पळाली, तू घोणशीच्या काचेला नाक लावून उभी, ती हलेपर्यंत निघणार नाही म्हणून. ती काही हलेना, तूही हलेनास, शेवटी बाबांनी तुला तशीच उचलून बाहेर आणलं आणि गेटपर्यंत तू त्यांच्या खांद्यावर गुद्दे मारत होतीस. ते असते तर त्या दिवशी त्यांनी मलाच गप्प केलं असतं.

हिंजवडीची नोकरी सोडलीस त्याचा राग गेलाय असं लिहिणार नाही, थोडा आहेच. पण गाईडला मी सांगितलं, माझी मुलगी कच्छात गवताळ रानावरच काम करते. दोनदा सांगितलं. मामा म्हणतो तीनदा.

बूट पॅक केलेत. डाव्यात मेतकुटाची पुडी आहे, नाक मुरडू नको, नवीन पिशवीत बांधलीय. कुरिअरवाल्याला गावाचं नाव पुरत नाही, जवळची खूण हवी, शाळा, दुकान, काहीही, ते लगेच पाठव. तोवर नंदामामा म्हणतो तसं जाड मोजे तरी घाल. मोज्यांनी काय होणार म्हणा.

आई