घड उतरल्यावर पानावर काय मारायचं, हे नीट छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर द्राक्षाबद्दल बरंच येतं, छाटणी येते, डाऊनी-भुरी हे बुरशीचे रोग येतात, मण्याची साईज कशी वाढवायची ते येतं, पण घड उतरल्यानंतर बागेचं काय करायचं यावर फार तर चार ओळी असतात आणि त्यातही "विद्राव्य खताची फवारणी घ्यावी" एवढंच. किती घ्यावी, कधी, कशासाठी, पान कसं असताना, यातलं काहीच नाही. म्हणून लिहितोय, पत्र जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा.

माल गेला की आपल्या सगळ्यांचं बागेवरून लक्ष उडतं. पाणी कमी होतं, रोगाची फवारणी थांबते, माणसं दुसऱ्या कामाला लागतात. वेलीचं काम मात्र चालूच असतं. इतके दिवस पानांनी केलेली साखर घड ओढून घेत होते, आता घड नाहीत म्हटल्यावर तीच साखर खोडात, ओलांड्यात (खोडापासून तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांद्यांत) आणि मुळांत जाते आणि स्टार्च होऊन साठते, नत्र पण तसंच साठतं. पुढच्या वेळी डोळे फुटतात तेव्हा वेलीवर एक पान नसतं आणि मुळं पण म्हणावी तशी चालत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे, जवळपास फुलोऱ्यापर्यंत, फूट बरीचशी या साठवलेल्या मालावरच चालते. साठा कमी पडला की डोळे मागेपुढे फुटतात, फूट बारीक येते आणि आपण म्हणतो हवामान बिघडलं.

आता पानातून द्यायचं कशाला, तर त्यावेळी पान वेलीवर आहे आणि युरिया पानातून पटकन आत जातो. युरियाच्या कणावर विद्युतभार नसतो त्यामुळे पानाच्या मेणचट थरातून तो बाकी खतांपेक्षा सोपा शिरतो. तिथून नत्र काडीत, मग खोडात उतरतं. हे खरंच होतं, त्यात खोटं काही नाही. पण किती होतं याचा हिशोब कोणी सांगत नाही, तो मी सांगतो.

1 टक्का युरिया म्हणजे 100 लिटरला 1 किलो. हेक्टरी 500 लिटर पाणी लागलं तर 5 किलो युरिया झाला, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 2.3 किलो, आणि त्यातलं पण काही खाली गळतं. उलट एक टन द्राक्षाबरोबर साधारण दीड-दोन किलो नत्र बागेबाहेर जातं. हेक्टरी 20 टन माल काढला असेल तर 30 ते 40 किलो नत्र गेलं, पालाश (पोटॅश) तर त्याहून जास्त. मग एका फवारणीनं भरपाई कशी होणार? दोन केल्या, तीन केल्या तरी होत नाही. मुख्य खत मुळातूनच द्यायला लागतं, आणि पानावरचं म्हणजे त्याला जोड. जाहिरातीत मात्र एक बाटली मारली की वेल ताजीतवानी असं लिहिलेलं असतं, ते वाचून माणूस जमिनीतलं खतच बंद करतो. हे मी लोकांना करताना बघितलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याचं मात्र वेगळं आहे. ते लागतंच इतकं कमी की पानातून गरज भागू शकते. कॅलिफोर्नियात चाचण्या झाल्यात, जिथे बोरॉन कमी होतं तिथे काढणीनंतर पानगळीच्या आधी फवारणी केली आणि पुढच्या हंगामात कमतरतेची लक्षणं कमी झाली. कमतरता असेल तर मणी नीट धरत नाहीत, घडात मोठ्या मण्यांच्या मधे बारीक, चपटे, बिनबियांचे मणी राहतात. पण बोरॉन कमी पडणं आणि जास्त होणं यातलं अंतर फार थोडं असतं, म्हणून परीक्षण न करता दरवर्षी मारत बसू नका. आणि झिंक काढणीनंतर मारण्यात फार अर्थ नाही, ते फुलोऱ्याच्या आधी दोन आठवड्यांपासून फुलोऱ्यापर्यंत दिलेलं जास्त कामाला येतं.

अजून एक. काढणीनंतरच्या फवारणीनं घडांची संख्या वाढते असं सांगून माल विकतात. अहो, जिथे वर्षातून एकदाच छाटणी होते तिथे जी काडी ठेवायची तिच्या डोळ्यात घडाची सुरुवात काढणीच्या खूप आधी झालेली असते, आणि जिथे काढणीनंतर खरड छाटणी (जुन्या काड्या आखूड कापून नवी काडी तयार करायची छाटणी) होते तिथे ती छाटणीनंतर येणाऱ्या नव्या काडीत होते! साठा चांगला असेल तर आहेत ते घड चांगले फुटतील, फुलं नीट भरतील, पण नवीन घड येणार नाहीत.

आमच्याकडे एका वर्षी घाईघाईत 2 टक्के युरिया, त्यात बोरॉन, त्यात अजून एक टॉनिक असं सगळं एकाच टाकीत टाकून भर दुपारी मारलं होतं, विक्रेत्यानं तसंच सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या, आठवड्यात कडेपासून आत बोटभर जळाल्या, हातात घेतलं की चुरा व्हायचा. ज्या पानांनी अजून महिनाभर काम करायचं ती आम्ही आमच्या हातानं घालवली. तेव्हापासून अर्धा ते एक टक्काच घेतो, बाययुरेट (युरियात राहणारा, पान जाळणारा घटक) कमी असलेला युरिया बघूनच घेतो, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मारतो म्हणजे द्रावण लवकर सुकत नाही, आणि पानाच्या खालच्या बाजूला लागेल असं मारतो कारण तिकडून जास्त शिरतं. ताम्रयुक्त औषधाबरोबर तर युरिया कधीच नाही. नवीन काही मिसळायचं असेल तर आधी पाच-सहा वेलींवर मारून दोन-तीन दिवस थांबतो.

आणि पाणी! त्याच बागेत एका ओळीच्या शेवटी ड्रिपरमध्ये क्षार बसले होते, माल गेला म्हणून कोणी बघितलंच नाही. फवारणी सगळ्या ओळीला सारखी झाली होती पण शेवटच्या दहा-बारा वेलींची पानं दुमडून कडक झालेली, त्यांनी काही घेतलं नसणार, कारण पुढच्या फुटीला तिथलेच डोळे मागे राहिले. म्हणजे पान हिरवं, मऊ आणि रोगापासून वाचवलेलं असेल तरच फवारा, पिवळं पडायला लागलं की राहू द्या. जिथे काढणीनंतर लगेच खरड छाटणी होते तिथे तर नीट विचार करा, छाटणीच्या दोन दिवस आधी मारलेलं नत्र काड्यांबरोबर बांधावर जातं, खोडापर्यंत पोचायला त्याला दिवस लागतात. तिथे काढणी आणि छाटणीच्या मधे वेलीला पाण्यावर थोडा निवांत काळ दिला तर त्याचा उपयोग जास्त.

माझी विनंती एवढीच की काढणी संपत आली की हे सगळं अर्ध्या पानात द्या, कोणाच्या बाटलीचं नाव न घेता, टनामागे किती गेलं आणि फवारणीतून किती आलं हा हिशोब चौकटीत टाका. आणि ते माल निघायच्या आधी छापा, कारण पानं वाळल्यावर ते वाचून कोणाला काही करता येत नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार