इंजिन सगळ्यात शेवटी घे

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या तुझ्या चेनच्या ट्रॅक्टरचं ड्रॉइंग मिळालं. इंजिनाला दोन पानं आणि पट्ट्याला अर्धं, हे उलटं झालंय. घरी बांधलेला चेनचा ट्रॅक्टर शेतात अडकून पडतो तो बहुतेक पट्ट्यापायी. तेव्हा खालून वर ये.

पट्ट्यासाठी सव्वा इंच पिचची, म्हणजे दोन पिनांत तेवढं अंतर असलेली, रोलर चेन घे. दुकानात २०ए म्हणून माग. दर दुसऱ्या कडीला दोन्ही बाजूंनी भोकाचे कान हवेत. एका पट्ट्याला चेनचे दोन पदर, मागचं स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) आणि पुढचा आयडलर (नुसतं फिरणारं चाक) दोन्ही २६ दात्यांचे. एका पदरात ९० कड्या धर. दोन्ही टोकांना मिळून २६ कड्या गुंडाळल्या जातात, राहिल्या ६४, म्हणजे वर ३२ आणि खाली ३२. ३२ गुणिले ३१.७५ म्हणजे १०१६ मिमी, हे दोन शाफ्टांमधलं अंतर. तू १००० लिहिलंयस, ते चालणार नाही. कड्यांची संख्या समच हवी, विषम झाली तर जोडायला वाकडी कडी घालावी लागते आणि चेन तिथेच आधी तुटते. चारही पदर एकाच लॉटचे घे. एक पदर जास्त लांबला तर दोन पदरांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या तिरक्या होतात आणि चेन दात्यांवर चढते.

आडव्या पट्ट्या ४०×४०×५ अँगलच्या, २०० मिमी लांब, दोन्ही बाजूंना मिळून ९०. कागदावर हे १८ मीटर होतं, म्हणजे सहा मीटरच्या तीन दांड्या. पण कापताना प्रत्येक तुकड्यामागे दोन-तीन मिमी जातात आणि एका दांडीतून २९च निघतात. चौथी आणच. एका पट्टीला चार बोल्ट, एकूण ३६०, ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा दर्जा), नायलॉक म्हणजे सैल न होणाऱ्या नटसह. वेल्डिंग करून वेळ वाचवायचा मोह होईल. करू नकोस, उष्णतेने पिन आणि पाती मऊ पडतात.

स्प्रॉकेट मागेच ठेव. पुढे जाताना ओढ पट्ट्याच्या फक्त खालच्या बाजूवर येते, वरची सैल राहते. स्प्रॉकेटच्या तबकडीत मोठी भोकं पाड, नाहीतर चिखल दात्यांच्या मुळाशी ठासून बसतो, चेन वर उचलली जाते आणि ताण इतका वाढतो की आयडलरचा शाफ्ट वाकतो. याच कारणाने पट्टा फार ताणायचा नाही. पट्ट्याची वरची बाजू मधोमध दाबल्यावर १५-२० मिमी खाली गेली पाहिजे. आयडलरच्या खाचेला ४५ मिमी सरक ठेव. चेन ३ टक्के लांबली की ती जवळजवळ संपते, तेव्हा चेनच बदलायची, कडी काढत बसायचं नाही.

खालचे रोलर प्रत्येक पदरावर पाच, १७ मिमी रुंदीचे, म्हणजे कडीच्या दोन पात्यांमध्ये बसून पट्ट्याला वाट दाखवतील. बेअरिंग ६२०५ नंबरचं, बाहेरून वेगळं ऑइल सील आणि ग्रीस निपल. बेअरिंगच्या स्वतःच्या रबरी सीलवर भाताच्या खाचरात भिस्त ठेवू नकोस.

स्प्रॉकेट आणि आयडलर थोडे उचलून ठेवलेस की जमिनीवर साधारण ९० सेंमी पट्टा टेकेल. दोन्ही पट्टे मिळून ३६०० चौ. सेंमी, वजन ६५० किलो धरलं तर दर चौ. सेंमीला ०.१८ किलो, जवळपास उभ्या माणसाइतकं. बेंजामिन होल्टने १९०४ साली कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या दलदलीत वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे चढवले ते याच हिशेबासाठी. दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांत ७० सेंमी अंतर ठेव. ९० भागिले ७० म्हणजे १.३ होतात. हा आकडा १.७ च्या पुढे गेला तर वळताना यंत्र अडून बसतं, आणि १ च्या खाली गेला तर सरळ चालत नाही.

गिअरबॉक्ससाठी भंगारातून मालवाहू तीनचाकीचा बघ. डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) आतच असतं आणि रिव्हर्सही मिळतो. गुणोत्तर, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना बाहेरची एक फेरी, कुणाला विचारू नकोस, हाताने मोज. मात्र एक बाजू धरून मोजलंस तर मोकळी बाजू दुप्पट फिरते आणि तुझा आकडा निम्मा येतो. दोन्ही बाजू एकत्र बांधून फिरव. दुसऱ्या गिअरला १८ आलं, तर पुढे १३ आणि २६ दात्यांच्या स्प्रॉकेटांवर चेन घालून ३६ होतील. इंजिन २००० फेऱ्यांवर असताना ताशी पावणेतीन किमी चाल मिळते, नांगराला पुरे. ही जादा चेन गिअरबॉक्स जमिनीपासून वरही ठेवते. तुझ्या ड्रॉइंगमध्ये तो बांधावर आपटणार होता.

वळवायला प्रत्येक बाजूच्या ब्रेक ड्रमला स्वतंत्र मास्टर सिलिंडर (ब्रेकला तेलाचा दाब देणारा) आणि स्वतंत्र लिव्हर. एक बाजू धरली की दुसरी दुप्पट पळते, म्हणून आधी रेस कमी कर. एक पट्टा चिखलात नुसता फिरत असेल तर त्याच बाजूचा ब्रेक हलका ओढ, म्हणजे जोर दुसरीकडे जातो. डिफरेन्शियल वेल्ड करायचा सल्ला कुणीतरी देईलच. हो म्हण आणि तसं काही न करता घरी ये.

आठ घोड्यांचं डिझेल पुरतं. या गिअरला पट्ट्यावर सहाशे किलोच्या आसपास ओढ येते आणि माती जेमतेम चारशे धरते, म्हणजे इंजिन दमण्याआधी पट्टा घसरेल. बारा घोड्यांनी नुसतं वजन वाढेल. इंजिनाचा बेल्ट लावण्याआधी इंजिन कुठल्या दिशेने फिरतं ते बघ. चुकलं तर पुढे एक आणि मागे चार गिअर मिळतील.

नांगराची ओढ ३० सेंमी उंचीवर ३०० किलो असेल तर भार सुमारे १४ सेंमी मागे सरकतो. म्हणून रिकाम्या यंत्राचा भार पट्ट्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी पुढे पडू दे. इंजिन फ्रेमवर पुढे-मागे सरकेल अशा खाचा ठेव आणि जागा सगळ्यात शेवटी पक्की कर.

फ्रेमचे दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत जुळल्याशिवाय पूर्ण वेल्ड मारू नकोस. गिअरबॉक्स मोजलास की आकडा कळव, मग १३ दाती स्प्रॉकेट कापायला देऊ.

तुझे,
बाबा