ध्रुवीय संशोधनासाठी मराठवाड्याला एक शीतकक्ष द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने ध्रुवीय विषयात पीएच.डी. करायची म्हटले की ‘विषय बदल’ असा सल्ला मिळतो. त्याची गरज नाही. समुद्रातील बर्फाची 1979 पासूनची उपग्रह आकडेवारी मोफत मिळते. सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहांचे रडार ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीतही बर्फ टिपते. एकेक फाइल साधारण एक जीबीची. पुरेशी साठवण आणि न तुटणारे इंटरनेट मिळाले, तर अख्खा प्रबंध इथे बसून होतो.

गाडी अडते ती ध्रुवीय प्रदेशातून ड्रिलने काढून आणलेल्या बर्फाच्या नमुन्यांपाशी. ते उणे 20 अंशांवर ठेवावे लागतात. कापताना बाहेरचा थर तासून टाकतात, कारण ड्रिलचा आणि हाताळणीचा मळ तिथेच बसतो. साधा कोल्ड स्टोरेजवाला कक्ष इथे चालत नाही. मे महिन्यात बाहेर 43 अंश असताना कंडेन्सर तापतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो. शनिवारी रात्री वीज गेली, नमुना थोडासा वितळला आणि पुन्हा गोठला, तर सोमवारी तो वरवर पाहता जसाच्या तसा वाटू शकतो. आत मात्र क्षार आणि ऑक्सिजनची समस्थानिके (कमी-अधिक वजनाचे अणू) सरकलेली असतात, हवेचे बुडबुडे निघून गेलेले असतात. असा नमुना खोटे आकडे देतो, आणि ते कळतही नाही. म्हणून 48 अंशांच्या हवेतही चालणारे दोन कॉम्प्रेसर (एक राखीव), आपोआप सुरू होणारा जनरेटर, तापमानाची सतत नोंद आणि मोबाइलवर इशारा, एवढे हवेच. यातले एकही गाळून खर्च वाचवू नये, ही कळकळीची विनंती.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. अंटार्क्टिकाची उन्हाळी मोहीम साधारण नोव्हेंबर ते मार्च. प्रस्ताव, वैद्यकीय तपासणी, उत्तराखंडातल्या औलीचे बर्फातले प्रशिक्षण हे सारे त्याआधी. पीएच.डी.च्या विषयाला मंजुरी देणाऱ्या संशोधन मान्यता समितीची बैठक दोन महिने लांबली की विद्यार्थ्याचे वर्ष गेले, पीएच.डी.ची मुदत मात्र सहाच वर्षांची. या विषयांची बैठक जानेवारीतच व्हावी. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातला सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच मिळावा. यूजीसीच्या 2022च्या नियमांत बाहेरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ या भारतीय तळावर घालवलेले महिने हजेरीत धरावेत, म्हणजे हजेरीपायी अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) अडकणार नाही.

शीतकक्ष नांदेडला द्या किंवा छत्रपती संभाजीनगरला. मात्र तो दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना खुला असावा, आणि त्याच्या वीजबिलाची व देखभालीची तरतूद पहिल्याच आदेशात असावी.

आपले,
मराठवाड्यातील भूविज्ञान व हवामान अभ्यासक