लाळ आटली की दात जातात

महोदय,
दातांच्या आरोग्यावर छापून येते ते बहुधा ब्रश, पेस्ट आणि साखरेबद्दल. लाळेचा विषय क्वचितच निघतो. दंतवैद्य म्हणून मला हे खटकते.

लाळेत हिस्टॅटिन, डिफेन्सिन, एलएल-३७ असे जंतुनाशक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे असतात. एलएल-३७ वर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूंच्या आवरणावर ऋण. म्हणून ते त्या आवरणाला चिकटते आणि ते फोडते. कॉस्टमन आजारात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी जन्मतःच फार कमी असतात. स्वीडनमधील अशा रुग्णांवरचे संशोधन २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. औषधाने त्यांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, तरी हिरड्यांचा आजार हटत नव्हता. त्यांच्या लाळेत एलएल-३७ नव्हतेच! अस्थिमज्जा (रक्तपेशी तयार करणारा हाडांतला मगज) प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात मात्र ते होते, आणि त्याच्या हिरड्या ठणठणीत होत्या.

अर्थात, दातांवर प्लाकचा, म्हणजे जिवाणूंचा चिकट, जाड थर साचला की आतले जिवाणू सुरक्षित राहतात, तिथे ब्रशच हवा.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्यांच्या लाळग्रंथी सुकतात आणि काही महिन्यांत दात मुळाशी किडू लागतात. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. रेडिएशन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची दंततपासणी व्हायलाच हवी, आणि अशा गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी ‘तोंड सुकते का?’ एवढे तरी विचारावे.

– एक दंतवैद्य, सांगली