बिल खालून वर वाच

पुणे,
४ जुलै

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. डेंग्यूचे रुग्ण वाढायच्या आत रुग्णालयाबाहेर नातेवाइकांसाठी मदतीचं टेबल मांडायचं तुमच्या मंडळींनी ठरवलंय, हे फार चांगलं झालं. टेबलावर बसणाऱ्या पोरांना काय शिकवायचं, असं विचारलंयस. मी म्हणेन, आधी एकच सवय लावा: बिल खालून वर वाचायचं. साथीत सरकार ज्या गोष्टीचा दर बांधून देतं, ती ओळ बिलात सगळ्यात वर, अगदी नियमाप्रमाणे लिहिलेली असते. लूट सरकते खालच्या, दर न बांधलेल्या ओळींत. कोविडच्या काळात आपल्या महाराष्ट्रात हे इतक्या प्रकारांनी झालं की शिकायला दुसरीकडे जायला नको. म्हणून तेव्हाचेच आकडे लिहितो.

राज्य सरकारची २१ मे २०२० ची अधिसूचना घे. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा नियंत्रित दरात आल्या. दिवसाला साधा विलगीकरण कक्ष ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. लोकांना वाटलं हा नुसता खाटेचा दर, आणि पहिली फसगत तिथेच झाली. त्या ४,००० मध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, जेवण, नेहमीची औषधं, सीबीसी आणि क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, टूडी एको, नाकातून नळी घालणं, लघवीची नळी घालणं, एवढं सगळं धरलेलं होतं. बाहेर ठेवलं होतं ते मोजकं: पीपीई किट (कर्मचाऱ्यांचा संरक्षक पोशाख), कोविडची चाचणी, सीटी आणि एमआरआय, बायोप्सी किंवा सेंट्रल लाइनसारख्या प्रक्रिया, आणि मेरोपेनेम, टोसिलिझुमॅब, इम्युनोग्लोब्युलिन अशी भारी औषधं. त्यातही औषधं एमआरपीनं, आणि सीटी व प्रक्रिया ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्या रुग्णालयाचा जो दर होता, त्याच दरानं.

म्हणजे साध्या कक्षातले दहा दिवस ४०,००० रुपये, अधिक या बाहेरच्या यादीतलं जे खरोखर वापरलं ते. बिल लाखावर गेलं असेल तर मधले ६०,००० कुठे आहेत ते बोट ठेवून शोधायचं. ‘नर्सिंग चार्जेस’, ‘डॉक्टर व्हिजिट’, ‘मॉनिटरिंग’ अशा ओळी दिसल्या की समजायचं, पॅकेजमध्ये एकदा घेतलेले पैसे दुसऱ्या नावानं पुन्हा घेतलेत.

पीपीईची ओळ तर नीट मोजायला शिकवा. समज, कक्षात वीस रुग्ण आहेत, तीन पाळ्या आहेत आणि प्रत्येक पाळीत पाच कर्मचारी किट घालून आत जातात. दिवसाला पंधरा किट झाले. वीस रुग्णांत वाटले तर एका रुग्णाच्या वाट्याला एक किटसुद्धा येत नाही. त्याच रुग्णाच्या बिलात रोजचे चार किट लावलेले असले तर एकच किट अनेकांना विकलेला आहे. भांडायची गरज नाही. ‘एका पाळीत किती जण आत जातात आणि किती रुग्ण आहेत?’ एवढंच शांतपणे विचारायचं आणि उत्तर बिलाच्या मागे लिहून घ्यायचं.

१ जून २०२१ ला दर शहरांच्या वर्गानुसार बदलले: साधा कक्ष मोठ्या शहरांच्या ‘अ’ वर्गात ४,०००, ‘ब’ मध्ये ३,०००, ‘क’ मध्ये २,४००. ज्याच्या डोक्यात ४,००० हा जुना आकडा बसलेला होता, त्याला लहान गावात रोजचे १,६०० जास्त गेलेले कळणारच नाहीत. ज्या तारखेचं बिल, त्या तारखेचा शासनादेश, हे पोरांच्या मनावर ठसव.

तपासण्यांचं थोडक्यात सांगतो. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचे दर २०२१ च्या एप्रिलपासून ५००, ६०० आणि ८०० असे तीन होते: घरी येऊन नमुना नेला तर सर्वांत जास्त, आपण जाऊन दिला तर त्याहून कमी. माणूस स्वतः प्रयोगशाळेत चालत गेलेला असताना पावती ८०० ची, हा नेहमीचा प्रकार. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, दर यंत्राच्या स्लाइसवर (ते एका फेरीत किती काप टिपतं त्यावर) होता: १६ पेक्षा कमी स्लाइस २,००० रुपये, १६ ते ६४ ला २,५००, त्यापुढे ३,०००. पावतीवर स्लाइस लिहिलेलीच नसेल तर दर बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही. म्हणून पावती घेतानाच ती लिहून मागायची.

ऑक्सिजनचा हिशेब मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो पाठ असता तर किती घरांचे पैसे वाचले असते. सप्टेंबर २०२० मध्ये एनपीपीएनं, म्हणजे औषधांचे दर ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणानं, सिलिंडरमधल्या वायूची कमाल किंमत घनमीटरला २५.७१ रुपये ठरवली, जीएसटी आणि वाहतूक वेगळी. जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर वायू. म्हणजे आतला माल १८० रुपयांचा. बाकी सगळं भाडं, अनामत आणि गाडीखर्च, आणि ते या २५.७१ च्या मर्यादेत येत नव्हते. म्हणून पावतीवर वायू, भाडं, अनामत आणि वाहतूक या चार ओळी वेगळ्या लिहून घ्यायच्या. अनामत परत मिळवायची तर ती लेखी असायलाच हवी. किती पुरेल तेही सांगता आलं पाहिजे: ७,००० लिटर, मिनिटाला ५ लिटर, म्हणजे साधारण २३ तास. १,५०० लिटरचा छोटा सिलिंडर त्याच वेगानं पाच तासांत संपतो. ‘दोन दिवस चालेल’ म्हणून कुणी छोटा सिलिंडर गळ्यात मारत असेल तर रात्रीत जीव जाऊ शकतो.

कॉन्सन्ट्रेटरच्या, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीत खोटं बोलायची वेगळी तऱ्हा होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१ ते ७ लिटर’ आणि त्याच्या शेजारी ‘९० टक्के शुद्धता’. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण एकाच वेळी खरे नाहीत. अशा घरगुती यंत्रातून ९० टक्के मिळतात ते १ लिटरला. ७ लिटरवर नेलं की शुद्धता ३०-४० टक्क्यांवर घसरते. रुग्णाला लागणाऱ्या यंत्राची शुद्धता पूर्ण प्रवाहाला, म्हणजे ५ किंवा १० लिटरलाही, ९० ते ९६ टक्के राहायला हवी. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: ‘पाच लिटरला किती टक्के?’

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनच्या वेळी लोकांनी दागिने मोडले. पूर्ण कोर्स सहा कुप्यांचा: पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग चार दिवस १००-१००. एप्रिल २०२१ मध्ये कंपन्यांनी दर उतरवल्यावरही एकाच औषधाची कुपी एका कंपनीची ८९९ ला आणि दुसरीची ३,४९० ला होती. सहा कुप्यांचे ५,३९४ किंवा २०,९४०. चिठ्ठीवर कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं असतं, तर स्वस्तातली मागायचा रस्ता तरी मोकळा राहिला असता. आणि हे औषध जीव वाचवतंच असा पुरावा तेव्हा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांना ते सरसकट देऊ नये अशी शिफारस केली होती. तरी ‘रेमडेसिविर आणा’ एवढंच सांगून नातेवाइकांना काळ्या बाजारात ढकललं गेलं. बारामतीत रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. यातून घ्यायचं ते असं: कुपीचा बॅच क्रमांक केसपेपरवर लिहून घ्यायचा आणि वापरलेली कुपी आपल्यासमोर फोडायला लावायची. अख्खी रिकामी कुपी रुग्णालयाबाहेर जाता कामा नये.

मास्क आणि सॅनिटायझरवरून कमाल दर म्हणजे रास्त दर नव्हे, हे शिकता येतं. केंद्रानं मार्च २०२० मध्ये तीन पदरी मास्क १० रुपये आणि २०० मिली सॅनिटायझर १०० रुपये अशी मर्यादा घातली. ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्य सरकारनं तीन पदरी मास्कला ४ रुपये आणि एन-९५ ला प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरवले. त्याआधी ‘सरकारी दर’ म्हणून लोक दहा मोजत होते. छापील एमआरपीही तशीच, बहुतेक वस्तूंची ती कंपनीच ठरवते. ‘एमआरपीवर निम्मी सूट’ ऐकून कुणी हुरळून जाऊ नये.

आता जाहिराती. साथीत खपणारं खोटं बहुधा अर्ध्या सत्यावर उभं असतं. जून २०२० मध्ये पतंजलीनं कोरोनिल आणलं आणि सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे होतात असं सांगितलं. उत्तराखंडचा परवाना होता तो प्रतिकारशक्ती, खोकला आणि तापासाठी. आयुष मंत्रालयानं जाहिरात थांबवायला लावली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेची हवा झाली, तेव्हा संघटनेला सांगावं लागलं की कोविडसाठी आपण कुठल्याही पारंपरिक औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही. अशा जाहिरातींत मिरवलं जाणारं ‘जीएमपी’ म्हणजे कारखाना नीट चालतो याचा दाखला. औषध लागू पडतं याचा नव्हे. हा फरक पोरांना तोंडपाठ हवा. शिवाय सौम्य कोविड बहुतेकांचा काही दिवसांत आपोआप उतरायचा. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर काहीही दिलं तरी लागू पडल्यासारखं दिसतं.

डेंग्यूत नेमकं हेच होणार आहे. सहा-सात दिवसांनंतर बहुतेकांच्या प्लेटलेट आपसूक चढतात. पाचव्या दिवशी कुणी पपईच्या पानांच्या गोळ्या किंवा तिप्पट भावाचं शेळीचं दूध दिलं की श्रेय त्याला जातं आणि चौकात फलक लागतो. प्लेटलेटची पिशवी आणायला सांगितली तर आरडीपी की एसडीपी हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आरडीपी दात्यांच्या नेहमीच्या रक्ताच्या पिशवीतून वेगळी करतात; एसडीपी एकाच दात्याकडून यंत्रानं काढतात, ती कित्येक पट महाग. रक्त विकता येत नाही, प्रक्रियेचं शुल्क तेवढं घेता येतं, म्हणून रक्तपेढीची पावती घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

कोविडचे ते दर आज लागू नाहीत, हेही पोरांना स्पष्ट सांग, नाहीतर रुग्णालयात जाऊन चुकीचा कागद नाचवतील. आज हातात आहे ते असं: जानेवारी २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांमुळे दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, त्याचा फोटो दाखल होतानाच काढायचा. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तर वैधमापन शास्त्र विभाग. औषधाची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासन, १८००२२२३६५. कुठल्याही फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पण जाहिरातीचा तारखेसकट फोटो लागतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. या सगळ्यांना पक्कं बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीवर कुणी उभं करत नाही.

पहिल्या आठवड्यात आलेल्या बिलांच्या प्रती, रुग्णांची नावं झाकून, मला पाठव. कुठल्या ओळी पुन्हा पुन्हा येतात ते पाहून तुमच्या टेबलासाठी एका पानाचा तक्ता करून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत